जीवदया आणि जबाबदारी

सकाळी मंदिरातून परतल्यावर दारात येणाऱ्या कुत्र्याला भाकरी घालायची, हा आमच्या घरचा सासूबाईंच्या काळापासूनचा रिवाज. गडहिंग्लजमधील आमच्या गल्लीत एक तांबूस कुत्रे तीन-चार वर्षे आमच्या पायरीशी बसत असे आणि आमच्याच हातचे खात असे. गेल्या चातुर्मासात आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची सात वर्षांची मुलगी एका सकाळी आईबरोबर आली. कुत्रे भाकरी खात होते. ती त्याच्या अगदी जवळून गेली आणि काही कळायच्या आत त्याने तिच्या पोटरीचा लचका तोडला.

वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुऊन आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेले. जखम खोल असल्याने लशीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनचेही इंजेक्शन द्यावे लागले. पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लशीसाठी फेऱ्या. प्रत्येक फेरीला आईची कामे बुडत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोल्हापूर शहरात कुत्रे चावलेल्या एका तरुणीचा लस घेऊनही रेबीजने मृत्यू झाला होता. ती बातमी त्या माउलीच्या मनातून जात नव्हती. एके दिवशी ती मला म्हणाली, "काकी, कुत्रं तुमच्याच दारातलं न्हवं?"

मी चटकन उत्तरले, "आमचं कुठलं? ते गल्लीचं."

ती पुढे काही बोलली नाही. परंतु त्या रात्री सामायिकाला बसले आणि माझेच उत्तर मला टोचू लागले. तीन-चार वर्षे भाकरीचे पुण्य माझे होते. दंश झाला त्या दिवशी मात्र कुत्रे गल्लीचे झाले!

माझा भाचा वकिली करतो. या मुलीला काही भरपाई मिळू शकेल का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मावशी, कायदा आधी एकच गोष्ट पाहतो. काळजी घेण्याचे कर्तव्य कोणाचे होते आणि ते पाळले गेले का?" कुत्रे पाळीव असेल, तर मालकाने पुरेशी खबरदारी न घेतल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये पोलिसांत तक्रार करता येते. सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा निराळा. कुत्रे भटके असेल, तर निर्बीजीकरण आणि लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेवर येते. त्यात कसूर झाली, तर घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा आधार घेऊन उच्च न्यायालयात भरपाई मागता येते. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंचचे काम सुरू झाले आहे.

केरळमधील दंशपीडितांच्या भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली होती. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघाले असल्यास प्रत्येक ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान २०,००० रुपये ठरवून दिले. हा निर्णय आपल्या राज्याला बंधनकारक नाही. परंतु दाखला म्हणून तो मांडता येतो.

"पण त्या बाईंना वकील कसा परवडणार?" मी विचारले. उत्तर ऐकून मला माझ्या अज्ञानाची लाज वाटली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. मात्र कागद जपले पाहिजेत. केसपेपर, लशीचे कार्ड, जखमेची छायाचित्रे, औषधांची बिले, बुडालेल्या मजुरीची नोंद आणि पाहणाऱ्यांची नावे हाताशी हवीत. मुख्याधिकाऱ्यांना दिलेल्या लेखी अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायलाही विसरू नये.

भाच्याने 'निष्काळजीपणा' हा शब्द उच्चारला, तेव्हा मला पाठशाळेतील 'प्रमाद' आठवला. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आचार्य उमास्वामींनी प्रमादयोगालाच मूळ कारण मानले आहे. हातात शस्त्र नसले, मनात द्वेष नसला, तरी असावधपणा हिंसेला कारण होतो. त्याच ग्रंथात अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित प्राण्याचे खाणेपिणे रोखणे, हा अहिंसाणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. म्हणून भाकरी बंद करणे हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, गजबजलेल्या वेळी, लस टोचली आहे की नाही हे न पाहता भाकरी घालणे, हा माझा प्रमाद होता. प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा प्रवेशद्वारे, जिने आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांपासून दूर असावी, मुले व वृद्ध यांच्या वर्दळीची वेळ टाळावी, हे वर सांगितलेल्या नियमांतही नमूद आहे.

आम्ही बाईंच्या बुडालेल्या दिवसांची मजुरी आणि औषधांचा खर्च दिला. तिने नको म्हटले, तेव्हा मी म्हणाले, "हे दान नव्हे, हे देणे आहे." भरपाईच्या अर्जावर तिचा अंगठा उमटला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. 'सदर कुत्र्यास आमच्या घरातून नियमित अन्न दिले जात होते', हे वाक्य मी स्वतः त्यात लिहिले. गल्लीतील कुत्र्यांच्या लसीकरणासाठी व निर्बीजीकरणासाठी वेगळा अर्जही सर्वांच्या सह्यांनी दिला.

भरपाई मागणारा माणूस प्राण्याचा वैरी आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मलाही वाटत असे. परंतु तो कुत्र्याला मारा असे म्हणत नाही. ज्यांनी काळजी घ्यायची होती त्यांनी ती का घेतली नाही, एवढेच विचारतो. कुत्र्याला दया आणि लेकराला दुर्लक्ष, अशी जीवदयेची वाटणी करता येत नाही.

आता भाकरी गल्लीच्या टोकाला, मोकळ्या पटांगणाच्या कडेला, पहाटे घातली जाते. ती मुलगी पुन्हा आईबरोबर येऊ लागली आहे. दारापाशी आली की ती अजून थबकते, पायरीकडे पाहते. मग मी बाहेर जाऊन तिचा हात धरते आणि तिला आत आणते.