रुग्णाजवळचे माणूस

२०२१च्या एप्रिलमध्ये वडिलांना कोरोनामुळे रुग्णालयात दाखल केले, तेव्हा फाटकावरच सांगण्यात आले की रुग्णाजवळ कोणासही थांबता येणार नाही. नियम योग्यच होता. संसर्ग आत-बाहेर नेणारी वर्दळ रोखणे भागच होते. परंतु आपल्याकडे रुग्णाजवळचा नातेवाईक केवळ भेटायला बसलेला नसतो. तो पाणी पाजतो, कूस बदलतो, सलाइन संपत आल्याचे परिचारिकेला सांगतो. त्याला बाहेर ठेवल्यावर ही कामे कोणी करायची, हे नियमात कोठेच नव्हते. आम्ही भावंडे डब्यावर नाव व खाट क्रमांक चिकटवून तो फाटकाशी देत असू. तो उघडला गेला की नाही, कळत नसे.

रुग्णांना मोबाइल जवळ ठेवू द्यावा, कुटुंबाशी व्हिडिओवर बोलू द्यावे, असे केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२०मध्येच राज्यांना कळवले होते. पण ज्याच्या बोटांत त्राणच नाही, त्याने फोन उचलावा कसा?

आपल्या वसतिगृहातही पालकांची भेट ठरलेल्या दिवशीच होई. मात्र तापलेल्या मुलाच्या उशाशी रात्री कोण बसले, हे पालकांना नावानिशी ठाऊक असे. भगवान बुद्धांनी आनंदासह एका दुर्लक्षित आजारी भिक्खूला स्वतः न्हाऊ घातल्याची विनयपिटकातील कथा आम्ही तेथेच ऐकली.

पाचव्या दिवशी वॉर्डातील एका मावशींनी स्वतःच्या फोनवरून वडिलांचा चेहरा दाखवला. म्हणाल्या, “अर्धी भाकरी दुधात कुस्करून भरवली. उद्या डबा जरा लवकर आणा.”