आधी गेज लावा

होडीचं मशीन दम टाकू लागलं की पहिला संशय कार्बोरेटरवर जातो. तो उतरवतात, जेट साफ करतात, नवे प्लग घालतात आणि चार दिवसांत रडगाणं पुन्हा सुरू होतं. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड दुरुस्त करताना या उलट्या क्रमाचा मला मनापासून राग येतो. सिलिंडरच दाब धरत नसेल, तर कार्बोरेटरवर केलेला खर्च पाण्यात.

या टू-स्ट्रोक मशीनच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात. बोअरच्या भिंतीतले पोर्ट पिस्टनच वर जाताना झाकतो आणि एक्झॉस्टचा पोर्ट झाकला गेला की मगच दाब चढू लागतो. सगळी भिस्त रिंगा, बोअर आणि हेड गॅस्केटवर. ते बघायला मशीन खोलावं, तर खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं धरलेले बोल्ट पाना लावताच तुटतात. न खोलता आतली तब्येत सांगणारं कॉम्प्रेशन गेज म्हणून मोलाचं.

मशीन कोमट करून सगळे प्लग काढायचे, त्यांच्या वायरी बॉडीला अर्थ करायच्या. सगळ्यात जास्त विसरतात तो थ्रॉटल. तो बंद राहिला तर हवाच कमी शिरते आणि धडधाकट मशीन आजारी ठरतं. बऱ्याच मशीनना न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पूर्ण फिरत नाही, तेव्हा कार्बोरेटरचा पडदा बोटाने उघडून धरावा. मग प्लगच्या जागी गेज आवळून दोरी चार-पाच वेळा सारख्याच जोराने ओढायची.

या वेळी माझी नजर आकड्यापेक्षा काट्याच्या चालीवर असते. चांगल्या सिलिंडरमध्ये पहिल्याच ओढीला काटा मोठी उडी घेतो, पुढच्या दोन-तीन ओढींत थोडा चढतो आणि थांबतो. रिंगा झिजल्या असतील तर तो दर ओढीला जरा जरा सरकत राहतो. खालीच अडून बसला, तर गॅस्केट फुटलंय किंवा पिस्टनला भोक आहे, असा संशय घ्यावा.

“किती पाउंड व्हये?” हा प्रश्न ठरलेला. पेट्रोलच्या लहान मशीनला साधारण 100 किंवा त्याहून वर मिळावेत. रॉकेलच्या मशीनला कमी, कारण रॉकेलवर इंजिन लवकर ठोके देतं म्हणून कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. गेजागेजातही फरक पडतो. त्यामुळे मी बघतो ती दोन सिलिंडरांमधली तफावत. दोन्हीकडे 95 असेल तर मला चिंता नाही. एकीकडे 110 आणि दुसरीकडे 80 असेल तर त्या होडीने खोल पाण्यात जाऊ नये.

कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा ओढावं. काटा चांगलाच चढला तर दोष रिंगांचा. रॉकेलच्या मशीनमध्ये त्या कित्येकदा झिजलेल्या नसतात, काजळी साचून खाचेत चिकटलेल्या असतात. अशा वेळी काजळी काढून भागतं, बोअरिंगचा खर्च वाचतो.

गेजला सगळं कळत नाही, हेही ध्यानात ठेवावं. क्रँकचं सील गळत असेल किंवा रीडची पाती चिरली असेल, तरी काटा उत्तम आकडा दाखवेल आणि मशीन मंद गतीला टिकणार नाही. चांगला आकडा आला की मी तिकडे वळतो. मगच कार्बोरेटर.

आता दाब मुळात जाऊ नये म्हणून. पिस्टन धरण्याचं मोठं कारण किनाऱ्यावरच असतं. उथळ पाण्यातली वाळू पंपाचा रबरी इम्पेलर खाते, थंडाव्याचं पाणी कमी होतं, मशीन तापतं. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की मशीन लगेच बंद करा.

आणि एक विनंती. मशीन चांगलं चालत असतानाच दर हंगामाआधी कॉम्प्रेशन काढून घ्या. तारीख आणि दोन्ही आकडे मशीनच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. मेकॅनिक बदलला तरी त्याला मागचा आकडा तिथंच सापडेल.