सेमाडोहचा खवा, बुऱ्हाणपूरची जिलबी

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागलो की घाट सुरू होतो. दोन्ही बाजूंना सागाचे रान, आणि मुलं वाघ दिसेल या आशेने खिडकीला चिकटलेली. आमची गाडी मात्र वाघासाठी नव्हे, सेमाडोहच्या खव्यासाठी थांबते. अम्मींचे माहेर बुऱ्हाणपूर. सासरी अचलपूरला आल्यापासून त्या माहेरी निघाल्या, की सेमाडोहला उतरून खवा घेणारच.

सेमाडोह हे सिपना नदीकाठचे गाव. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून पर्यटक इथे मुक्कामाला येतात. पण जुनी ओळख कोरकूंची आणि गवळ्यांची. डोंगरातल्या गावांतून दूध शहरात पोहोचेपर्यंत नासायचे. म्हणून ते चुलीवर आटवायचे. चार-पाच लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम एक किलो खवा होतो, पण तो टिकतो आणि सहज नेता येतो. रस्त्याकडेच्या हॉटेलांत रबडीही मिळते, दाट आणि धुराचा किंचित वास असलेली.

यंदा मोठ्या मुलीने विचारले, "दादी, मावा जिलबी पहिल्यांदा कुणी केली?" अम्मी हसल्या, "बेटा, ज्याने केली त्याने नाव कुठे लिहिले?"

खरेच आहे. मेक्सिकोच्या सीमेवर पिएद्रास नेग्रास नावाचे गाव आहे. तिथल्या एका हॉटेलात इग्नासिओ अनाया यांनी १९४० च्या दशकात नदीपलीकडून, अमेरिकेतून आलेल्या बायकांसाठी हाताशी होते ते चीज आणि मिरच्या घालून एक बशी तयार केली. इग्नासिओला लाडाने 'नाचो' म्हणतात, म्हणून पदार्थ झाला 'नाचोज'. आपल्या जिलबीच्या नशिबी असे एक नाव नाही. अरबीत ती जलाबिया, फारसीत जुलबिया. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाककृतींच्या ग्रंथात ती आहे. भारतात आल्यावर ती गावोगावच्या हलवायांची झाली. बुऱ्हाणपूरच्या हलवायांनी तिच्यात खवा घातला. खवा मळून त्यात थोडे अरारोट किंवा मैदा घालतात, कापडाच्या भोकातून कढईत सोडतात आणि मंद आचेवर काळपट तांबूस होईपर्यंत तळून पाकात टाकतात. आज मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री बुऱ्हाणपूरच्याच नावाने ती विकली जाते.

शहराचे नावही एका सूफींचे. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गाह खुलताबादला आहे. त्यांच्या नावाने फारुकी सुलतानांनी तापीकाठी हे नगर वसवले. १६३१ साली मुमताज महल इथेच वारल्या. ताजमहालाआधी त्यांची पहिली कबर तापीपलीकडे जैनाबादला होती. इथल्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे. सिपनेचे पाणीही पुढे तापीलाच मिळते.

हे सगळे आम्ही मुलांना सांगत होतो, पण अम्मी गप्प होत्या. घराच्या वाटणीवरून मामूंशी त्यांचे बोलणे अकरा वर्षे बंद होते. वडिलांच्या घरात त्यांचा हिस्सा होता, तो त्यांनी मागितला आणि अबोला पडला. आता मामू अंथरुणावर आहेत, असा निरोप आला होता.

सेमाडोहला हॉटेलवाला म्हणाला, "बसा माय, रबडी गरम हाय." अम्मींना साखरेचा आजार. त्यांनी चमचाभर रबडी घेतली आणि दोन किलो खवा पळसाच्या पानांत बांधून मागितला. "इतका कशाला?" आम्ही विचारले. "भावाचे घर आहे," एवढेच म्हणाल्या.

हरिसाल, धारणी, देडतलाई करत असरच्या सुमारास पोहोचलो. सलाम झाला. पुढे काय बोलावे कुणालाच सुचेना. अम्मींनी पुडके पलंगावर ठेवले. मामूंनी पान सोडले, वास घेतला आणि विचारले, "सेमाडोहचा?"

अम्मींनी मान हलवली. मामूंनी मुलाला हाक मारली, "कढई ठेव."

हिश्श्याचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो व्हायलाच हवा. बहिणीचा हक्क खव्याच्या पुडक्याने फिटत नाही. पण हिशेब करायला आधी एकमेकांसमोर बसावे लागते. त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकाच दस्तरख्वानावर बसलो. तुमच्याही घरात असा एखादा अबोला असेल, तर वाटेत थांबा, काहीतरी बांधून घ्या आणि जा. उशीर करू नका.