सोळा की चौदा?

मागच्या लेखाच्या शेवटी 'पुढच्या वेळी पापडांबद्दल लिहीन' असं म्हटलं होतं. नाशिकच्या वन्संनी फोन करून आठवणही केली. पण पापड कुठे पळून जात नाहीत. आज दुसरंच काहीतरी डोक्यात घोळतंय, ते आधी लिहून टाकते.

आमच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. सध्या तिथे अकोले तालुक्यातल्या दोन मुली राहतात. एक नर्सिंगची, ती बिचारी घरात असते कधी हेच कळत नाही. दुसरी स्पर्धा परीक्षावाली. पोलीस भरती, तलाठी, जो फॉर्म निघेल तो ती भरते. नाव देत नाही, तिला आवडायचं नाही. पहाटे साडेचारला उठून ग्राउंडला जाते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० मार्क. लेखी १०० मार्कांची. ग्राउंडहून आली की आंघोळ, डबा, आणि मग अभ्यासिका. संगमनेरात आता अशा अभ्यासिका गल्लोगल्ली झाल्यात. महिन्याचे पैसे भरायचे, खुर्ची आपली. आमच्या वेळी अभ्यास म्हणजे प्रवरेच्या घाटावर पुस्तक घेऊन बसणं, आणि तेही नदीला पाणी बघत बघत!

तर ही पोर एका संध्याकाळी वही घेऊन आली. "आजी, तुम्ही स्कॉलरशिप शिकवायच्या ना? हे सांकेतिक भाषेचं जरा बघता का?"

मी मराठीची बाई. बी.ए. मराठी. पण आमच्या शाळेत सातवीच्या स्कॉलरशिपचा जादा तास घ्यायला कुणी तयार नसायचं, म्हणून बुद्धिमत्ता चाचणी माझ्या गळ्यात पडली आणि निवृत्त होईपर्यंत राहिली. (तेव्हा ही परीक्षा चौथी आणि सातवीला असे. पाचवी-आठवीला ती नंतर गेली.) त्यामुळे मी चष्मा चढवून मोठ्या ऐटीत वही हातात घेतली. प्रश्न होता, सी-ए-टी म्हणजे डी-बी-यू, तर डी-ओ-जी म्हणजे काय? प्रत्येक अक्षराच्या पुढचं अक्षर घ्यायचं, झालं. ते सुटलं. पण पुढच्या प्रश्नात 'एम' कितवं अक्षर हे हवं होतं आणि मी मनातल्या मनात ए-बी-सी-डी म्हणत बोटं मोडायला लागले. तिने बघितलं आणि हसू दाबलं.

"आजी, इजोटी लक्षात ठेवायचं. ई पाच, जे दहा, ओ पंधरा, टी वीस, वाय पंचवीस. मग मागेपुढे मोजायचं. आणि उलट क्रमांक हवा असेल तर सत्तावीसमधून वजा."

म्हणजे एम उलटीकडून चौदावं. चाळीस वर्षं शिकवलं, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एबीसीडी आमच्या आयुष्यात आली उशिरा आणि राहिली पाहुण्यासारखी.

मी तिला विचारलं, "अगं, पेपर मराठीत, तुम्ही मराठीत, मग अक्षरं इंग्रजी कशाला?" नंतर माझं मीच उत्तर शोधलं. एकेक अक्षर पुढे सरकवायचं म्हटलं तर 'कमल'चं 'खयव' होतं, 'नगर'चं 'पघल' होतं. (आता जिल्हा अहिल्यानगर झाला, २०२४ साली. पण एसटीच्या रांगेत उभं राहिलं की तोंडून नगरच येतं.) इथवर ठीक. पण 'घर' घेतलं की घच्या पुढे ङ उभा! काना-मात्रा कुठे न्यायचा? जोडाक्षराचं काय करायचं? ळ कितवा? २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ ही दोघंही वर्णमालेत येऊन बसली. कोडं घालणाऱ्याचीच पंचाईत. इंग्रजीची सव्वीस अक्षरं कशी शहाण्या मुलांसारखी एका ओळीत उभी असतात.

पण म्हणून मराठी अक्षरांना सांकेतिक भाषा जमत नाही असं कुणी म्हणू नये. माझ्या लहानपणी आमच्या मामाच्या लग्नानंतर गोंधळ घातला होता. रात्र बरीच झाली होती, पेंग येत होती. एका गोंधळ्याचे डोळे उपरण्याने बांधले. दुसरा आमच्यात आला आणि म्हणाला, कुणाचंही नाव माझ्या कानात सांगा. माझ्या मावशीने माझंच नाव सांगितलं. त्याने एक शब्द उच्चारला नाही. नुसता संबळ वाजला, मधेच थांबला, परत वाजला. आणि डोळे बांधलेल्या त्या माणसाने माझं नाव घेतलं! माझी पेंग कुठल्या कुठे पळाली. कितीतरी दिवस मला वाटत होतं की त्याच्या अंगात देवी आली होती.

ती करपल्लवी होती, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. हाताच्या खुणांनी बोलायची ती करपल्लवी, डोळ्यांनी बोलायची ती नेत्रपल्लवी, आकड्यांनी लिहायची ती अंकपल्लवी. मुळातली युक्ती साधी आहे. सगळी अक्षरं आठ वर्गांत टाकायची. स्वर, मग क, च, ट, त, प यांचे वर्ग, मग यपासूनचा आणि शपासूनचा. आधी वर्ग सांगायचा, मग वर्गातलं कितवं अक्षर, मग कितवी मात्रा. हाताने सांगायचं तर नागाच्या फण्यासारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की कचा वर्ग, असं. बोटांनी अक्षर, चुटक्यांनी मात्रा. संबळावर हेच ठोक्यांनी. 'राम' आकड्यांत लिहायचा तर सातव्या वर्गातलं दुसरं अक्षर, दुसरी मात्रा, म्हणजे ७-२-२. आणि म म्हणजे ६-५-१.

हे मी त्या पोरीला सांगितलं तर तिने दहा मिनिटांत वहीत तक्ता काढला आणि मैत्रिणीचं नाव लिहून दाखवलं. परीक्षेला याचा काडीचा उपयोग नाही हे दोघींनाही माहीत होतं. चहा मात्र दोनदा झाला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

दुसऱ्या दिवशी ती सराव प्रश्नपत्रिका घेऊन आली. अंकमालिका होती : २, ४, ८, ? पर्याय चार. १०, १२, १४, १६. मी लगेच म्हटलं, सोळा. दरवेळी दुप्पट. ती म्हणाली, "हो, पण आजी, चौदा पण येतं की. आधी दोन मिळवले, मग चार मिळवले, आता सहा."

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. हेच वाक्य, याच आकड्यांवर, मी पूर्वी ऐकलं होतं.

१९८७ किंवा ८८ साल असेल. जादा तासाला मुलं निवडण्यासाठी आम्ही शाळेतच एक चाचणी घ्यायचो. चाळीस मुलं घ्यायची, बाकीच्यांनी घरी जायचं. एक मुलगा जवळच्या खेड्यातून सायकलवर यायचा. सायकल मोठ्यांची, नळीच्या खालून पाय घालून चालवायचा. चाचणीत हीच मालिका होती, पर्याय नव्हते, रिकामी जागा भरायची होती. त्याने चौदा लिहिलं. मी फुली मारली. पेपर वाटल्यावर तो टेबलाशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, दोन मिळवले, चार मिळवले, मग सहा मिळवले तर चौदा येतं."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "फार शहाणपणा करू नकोस. पुस्तकात सोळा आहे." वर्ग हसला. तो जागेवर जाऊन बसला.

त्याचं म्हणणं मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं! म्हणूनच तर राग आला. पंचावन्न पेपर तपासायचे होते, एकाला मार्क दिला की सगळे रांग लावणार, आणि पुस्तक चूक असेल असं वर्गासमोर म्हणायची माझी हिंमत नव्हती. तो त्या चाळिसांत आला नाही. एका मार्काने राहिला असं माझं मन सांगतं, पण मन असं काहीही रचतं. नक्की आठवतं ते एवढंच, की त्या वर्षात त्याने माझ्या तासाला परत कधी हात वर केला नाही. सातवी झाल्यावर तो दुसरीकडे गेला. पुढे काय झालं माहीत नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस." असो.

पुण्याचा भाचा गणितातला. त्याला फोन लावला, की बाबा, अशा मालिकेला उत्तर एकच असतं का? तो म्हणाला, "मावशी, तीन आकड्यांवरून काहीही पुढे आणता येतं. बत्तीसही येईल. दोन चोक आठ, चार आठे बत्तीस. आणि तीनच कशाला, पाच आकडे घे. १, २, ४, ८, १६. पुढे काय?" मी म्हटलं, बत्तीस. तो म्हणाला, एकतीस. मग त्याने कृती सांगितली. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, सगळे एकमेकांना रेघांनी जोडायचे आणि आत किती तुकडे झाले ते मोजायचे. एका बिंदूला एक, दोनला दोन, तीनला चार, चारला आठ, पाचला सोळा. आणि सहाला?

मी बांगडी ठेवून वर्तुळ काढलं. सहा बिंदू अगदी सारख्या अंतरावर, शाळेतल्या सवयीने नीटनेटके. मोजले तर तीस! दोनदा मोजले, तीसच. परत फोन. तो हसला, "फार नीट काढलंस म्हणून. मधे तीन रेघा एकाच ठिकाणी भेटल्या असतील बघ. एक बिंदू जरा सरकव." सरकवला. मधोमध एक एवढासा त्रिकोण उघडला. एकतीस.

तो कागद अजून माझ्या कालनिर्णयच्या मागे खोचलेला आहे.

त्या रात्री झोप लागेना. बी.ए.ला असताना महानुभावांचं वाङ्मय अभ्यासलं होतं, ते आठवत राहिलं. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद करून ठेवले. ती लिपी रवळोव्यासांची म्हणतात. शेकडो वर्षं बाहेरच्या कुणाला ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधली. त्यांनीही आधी अंदाजच बांधले असणार, हे चिन्ह म्हणजे अमुक अक्षर असावं. पण त्यांच्यापुढे अख्खी पोथी होती. अंदाज चुकला तर पुढची ओळ वाचताच येणार नाही, बरोबर असेल तर मराठी आपोआप बोलायला लागेल. त्या गोंधळ्यांचंही तसंच. दोघांनी आधी बसून खुणा ठरवलेल्या. इथे? तीन आकडे आणि एक प्रश्नचिन्ह. पुढची ओळ नाही की आधी ठरलेली खूण नाही. कोडं घालणाऱ्याच्या मनात काय होतं ते ओळखायचं, बस. आणि ते ओळखायला कोण शिकतं? जो वर्षानुवर्षं तसलेच पेपर सोडवतो तो. त्या सायकलवाल्या मुलाने मालिका सोडवली होती. त्याला माझं मन ओळखता आलं नाही, एवढंच.

सकाळी पोरीला म्हटलं, "परीक्षेत सोळाच लिही. दुप्पट-तिप्पट दिसलं की तेच आधी धर. पेपर काढणारे तसाच विचार करतात." सांगताना जीभ जड झाली. पण तिच्या घरी दोन एकर कोरडवाहू आणि पाठचे दोन भाऊ. एकेका मार्काला शेकडो जणी बसलेल्या. तलाठ्याच्या २०२३ च्या भरतीला साडेचार हजारांवर जागा आणि अर्ज दहा लाखांच्या घरात. (त्याच निकालात २०० पैकी २१४ मार्क आलेले पाहून आम्ही दोघी चक्रावलो होतो. वेगवेगळ्या सत्रांतले पेपर सोपे-अवघड असतात म्हणून मार्कांचं सामान्यीकरण करतात, त्याचा तो प्रताप.) तिथे मी तिला तत्त्वज्ञान काय सांगू?

ती म्हणाली, "मला माहीतच आहे आजी. चौदा मी तुम्हाला सांगायला म्हणून सांगितलं." मग थांबून म्हणाली, "क्लासमध्ये सांगितलं तर सर म्हणतात टाइम घालवू नको."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मागच्या आठवड्यात तिची एक परीक्षा झाली. कुठली ते लिहीत नाही. रात्री उशिरा आली, बस मिळाली नव्हती. पिठलं-भाकरी ठेवली होती, ती खाता खाता म्हणाली, एका मालिकेला दोन पर्याय बसत होते. मी काही न बोलता पेन्सिल पुढे केली. तिने आकडे लिहिले. खरंच दोन बसत होते.

"मग काय लिहिलंस?"

"तुमचं दुप्पटवालं," ती म्हणाली.

तात्पुरती उत्तरतालिका लागली की हरकत घेता येते, ठरावीक दिवसांत. तिला म्हटलंय, त्यांनी दुसरं उत्तर धरलं असेल तर हरकत घ्यायची. शुल्क असेल तर मी भरते, आणि दोन्ही उत्तरं कशी येतात ते नीट मराठीत मी लिहून देते. ती म्हणते, आणि त्यांनी दुप्पटवालंच धरलं असेल तर? मग माझा मार्क आलाच की, आपण कशाला बोलायचं?

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. उत्तरतालिका लागायची आहे.