झाकण उघडू नका, पुस्तिका उघडा

घरात एखादे यंत्र बंद पडले की ‘काय झाले?’ हा प्रश्न नंतर येतो, आधी येतो तो ‘कुणी बिघडवले?’ आणि त्याचे उत्तर ठरलेले असते. ज्या बाईचा हात त्या यंत्राला रोज लागतो, तिच्याकडे सगळ्यांची बोटे वळतात. मायक्रोवेव्ह ओव्हन आता आपल्या वस्त्यांतूनही दिसू लागला आहे. हप्त्याने घेतलेली वस्तू, म्हणून तिच्यावर जीवही जडलेला असतो. परंतु ओव्हनसोबत आलेली माहितीपुस्तिका मात्र पावतीबरोबर कपाटात कुलूपबंद होते. वापरणारी एक आणि पुस्तिका सांभाळणारा दुसरा, असा हा कारभार आहे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींच्या घरी हेच झाले. आकडे दिसत, आतला दिवा लागे, पण बटण दाबले तरी ओव्हन सुरू होईना. सासूबाई म्हणाल्या, ‘सूनबाईंनी ओला हात लावला असेल.’ मेकॅनिक आला. त्याने झाकणही न उघडता ‘बोर्ड गेला’ असे सांगितले आणि २८०० रुपये मागितले. वहिनी महिन्याच्या खर्चातून पैसे काढायला बसल्या, तेव्हा आम्हाला बोलावणे आले.

आम्ही काही इंजिनियर नव्हे. बी. कॉम. झालेले कारकून आहोत. पण व्हाउचर पाहिल्याशिवाय रक्कम मंजूर करायची नाही, ही सवय नोकरीने लावली. आम्ही आधी पुस्तिका मागितली. पडद्याच्या कोपऱ्यात कुलपाचे बारीक चित्र दिसत होते. लहान मुलांनी ओव्हन चालू करू नये म्हणून ही सोय असते, आणि ती नातवानेच खेळता खेळता लावली होती. पुस्तिकेत सांगितलेले बटण तीन सेकंद दाबून धरताच कुलूप निघाले. खर्च शून्य. पैसे वाचले याहून मोठी गोष्ट म्हणजे वहिनींवरचा आळ टळला.

तेव्हापासून आम्ही भगिनींना सांगत असतो, की मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी बाहेरून चार गोष्टी तपासा.

पहिली वीज. ओव्हन अजिबात चालत नसेल तर त्याच सॉकेटला दुसरी वस्तू लावून पाहा. ८०० वॉट उष्णता देणारा ओव्हन विजेच्या तारेतून सुमारे १२०० वॉट ओढतो. म्हणून त्याला मोठ्या पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट हवे, एक्स्टेंशनची बारीक वायर नको. संध्याकाळी दाब कमी असला तर जेवण गरम व्हायला उशीर लागतो. तो ओव्हनचा दोष नव्हे.

दुसरे दार. दार पुरते मिटल्याशिवाय ओव्हन सुरू होत नाही, कारण दाराच्या आकड्यामागे सुरक्षेचे स्विच असतात. कडेला भाताची शिते किंवा तेलाचा थर असेल तर ओल्या फडक्याने पुसा. मात्र काच तडकली असेल, बिजागरी ढिली असेल, दार नीट बसत नसेल, तर ओव्हन वापरणे त्याच दिवशी थांबवा.

तिसरे आतले फिरते ताट. ते अडखळत असेल तर काढून खालची चाकांची कडी धुवा आणि मधल्या खाचेत नीट बसवा. ठिणग्या उडत असतील तर सोनेरी काठाची बशी, स्टीलचा चमचा किंवा अॅल्युमिनियमचा कागद आत नाही ना, ते पाहा. तसे काही नसेल तर आतल्या बाजूच्या भिंतीवरील अभ्रकाचा पातळ पत्रा पाहा. त्यावर रस्सा उडून तो जळतो, आणि मग तिथूनच ठिणग्या येतात. पत्रा काळा पडून भोक पडले असेल तर तो बदलून घेईपर्यंत ओव्हन बंद ठेवावा. हा पत्रा स्वस्त मिळतो. तेवढ्यावरून ओव्हन भंगारात देऊ नये.

चौथी पाण्याची परीक्षा. काचेच्या पेल्यात कपभर पाणी ठेवून पूर्ण शक्तीवर १ मिनिट चालवा. पाणी चांगले गरम झाले तर ओव्हन ठीक आहे. बहुधा कुणीतरी शक्ती कमी करून ठेवलेली असते. दिवा लागतो, ताट फिरते, पण पाणी गारच राहते, तर आतला मॅग्नेट्रॉन किंवा त्याला वीज पुरवणारा भाग बिघडला आहे. इथे आपले काम संपले.

कारण इथून पुढे जिवाशी गाठ आहे. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओव्हनच्या आत तो २००० व्होल्टच्याही वर नेला जातो. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवू शकतो. मिक्सर उघडणारा हुशार मुलगा घराघरात असतो. त्याला हे आवर्जून सांगा, की ओव्हनचे झाकण आपण उघडायचे नाही. आत काही पेटले तर दार उघडू नका. आधी ओव्हन बंद करा आणि प्लग काढा. हवा मिळाली नाही की आग विझते.

‘दार उघडले की किरण अंगावर येतात’ असे म्हणून काही वृद्ध मंडळी घाबरतात. दिवा मालवला की उजेड उरत नाही, तसेच ओव्हन थांबला की आतल्या लहरीही संपतात. धडधाकट दार असलेल्या ओव्हनला भिण्याचे कारण नाही.

पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, ही खरी अडचण आहे. मग कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी रविवारी तासभर बसावे. कोणते बटण कशाचे, कुलूप कसे काढायचे, काय आत ठेवायचे नाही, हे एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे आणि ओव्हनशेजारी भिंतीवर चिकटवावे. पुढच्या वेळी मेकॅनिक ‘बोर्ड गेला’ म्हणाला, तर घरातल्या बाईनेच त्याला विचारावे, ‘कशावरून? दाखवा.’