तिसरा गिअर

नोकरी गेल्याचा मेल आला तेव्हा माझी गाडी चार स्टँडवर उभी होती आणि तिचा गिअरबॉक्स खाली, एका जुन्या गादीवर पडला होता.

जानेवारी २०२३. सिएटलजवळचं बॉथेल. सकाळी सातला मेल आला, आठपर्यंत ऑफिसचा लॅपटॉप बंद झाला. एच१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मी कॉफी केली, कॅलेंडर उघडलं आणि ६० दिवस मोजले. मग गॅरेजमध्ये जाऊन त्या गादीवरच्या गिअरबॉक्सकडे बघत बसलो.

हे वेड मुलुंडचं आहे. शाळेत असताना स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आम्ही तासावर पैसे देऊन ‘नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २’ खेळायचो. त्यात सुबारू इम्प्रेझा होती. त्याच इम्प्रेझाच्या रॅली गाडीत कॉलिन मॅकरे १९९५ साली जगज्जेता झाला होता, हे नंतर कळलं. भारतात सुबारू तिच्या नावाने कधी दिसली नाही. शेव्हर्ले फॉरेस्टर म्हणून जी गाडी काही वर्षं विकली गेली ती मुळात सुबारू होती, पण एलबीएस रोडवर तशी दिसणं म्हणजे लॉटरीच.

पप्पा शहराच्या लाल बसवर ड्रायव्हर होते. तीस वर्षं. त्यांनी आयुष्यात स्वतःची गाडी घेतली नाही, स्कूटरही नाही. बारावीनंतर मला मेकॅनिकलला जायचं होतं. पप्पा म्हणाले, “गिअर बदलण्यात माझा जन्म गेला. तू कॉम्प्युटर घे.” त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे बघून मी वाद घातला नाही. इंजिनीअरिंग झालं, एक वर्ष नोकरी केली, मग एमएस. त्यासाठीचं कर्ज मुलुंड पूर्वेच्या आमच्या वन-रूम-किचनवर आहे. ‘होतं’ लिहायला अजून पाच वर्षं आहेत.

अमेरिकेत पगार सुरू झाल्यावर पहिली मोठी चूक म्हणून मी २००२ची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घेतली. जुनी, निळी, बॉनेटवर हवा खेचणारं नाकाड. माझ्यापेक्षा फार लहान नव्हती.

ही गाडी कशी चालते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे. आपली जिप्सी घ्या. १९८५ साली आली. तिला चारही चाकांना ताकद द्यायची तर वेगळा लिव्हर ओढावा लागतो, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ओढायचा नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. तो फरक पचवायला जिप्सीच्या मध्ये काहीच नाही, मग शाफ्ट आणि टायर एकमेकांशी भांडत बसतात. सुबारूत चारही चाकांना ताकद कायम असते, आणि पुढच्या-मागच्या चाकांचा फरक पचवायला मध्ये एक डिफरन्शियल असतो. तो गिअरबॉक्सच्याच पोटात. म्हणजे गिअरबॉक्स बदलायचा तर गाडीचा मधला मणकाच बदलायचा.

तो बदलायची वेळ का आली? या गाडीचं इंजिन टर्बोचं आणि चारही चाकं रस्त्याला घट्ट धरून. साध्या गाडीत जोरात क्लच सोडला तर चाकं जागेवर घसरतात, धक्का तिथे निघून जातो. इथे चाकं घसरत नाहीत. धक्का मागे फिरतो आणि जे सगळ्यात कमजोर असेल त्याला मोडतो. या गाडीत ते म्हणजे पाच गिअरच्या बॉक्समधले अरुंद गिअर. माझा तिसरा गेला. बर्फातल्या एका रविवारी दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकला आणि डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला.

यावर उपाय सगळ्या सुबारूवाल्यांना तोंडपाठ असतो. याच गाडीची थोरली बहीण एसटीआय, तिचा सहा गिअरचा बॉक्स बसवायचा. त्यातले गिअर रुंद, बाहेरचं कवच दणकट. मी जपानहून आलेला एक वापरलेला बॉक्स घेतला. स्वस्त मिळाला. स्वस्त का मिळाला हे मी विचारलं नाही.

गॅरेज काकांचं. काका मूळचे घाटकोपरचे, नव्वदीत इकडे आले. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मी मोदकांच्या रांगेत गाडीचं रडगाणं गात होतो आणि मागून आवाज आला, “माझ्याकडे दोन गाड्यांचं गॅरेज आहे. एकच गाडी आहे.” त्यांचे वडील कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात होते, जिथे पद्मिनी बनायची. काका सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारच्या फियाट उघडून शिकले. त्यांच्या दृष्टीने स्टिअरिंगला गिअर असलेली गाडी हीच खरी गाडी, बाकी सगळी खेळणी.

जुना बॉक्स काढायला आम्हाला दोन शनिवार-रविवार लागले. इंटरकूलर, एक्झॉस्टचा पाइप, स्टार्टर, मागे जाणारा शाफ्ट, पुढचे दोन ॲक्सल. सगळं सुटलं, सगळे बोल्ट निघाले, तरी बॉक्स इंजिनपासून हलेना. मी कटावणी घेतली. काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. या गाडीचा क्लच ढकलून नाही, ओढून सुटतो. त्याचा काटा बेअरिंगमध्ये अडकलेला असतो. आधी बाजूचं बूच उघडायचं, काट्याच्या आडव्या दांडीला सहा एमएमचा बोल्ट लावून ती बाहेर खेचायची, मग बॉक्स सोडतो. “जोर लावायच्या आधी काय धरून ठेवलंय ते बघ,” काका म्हणाले. ते फक्त गिअरबॉक्सबद्दल बोलत होते. ते नेहमी फक्त गिअरबॉक्सबद्दलच बोलायचे.

नंतरच्या मंगळवारी तो मेल आला.

संध्याकाळी गेलो तेव्हा काकांनी नवा बॉक्स पुसून ठेवला होता. नोकरीचं मी त्यांना सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि मग विचारलं, “मागचा रेशो किती आहे?”

माझ्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचा रेशो ३.५४. जपानच्या या बॉक्सला मागे ३.९ हवा. म्हणजे असं, की पुढची चाकं एकदा फिरायला शाफ्टला जितके फेरे लागणार, मागची चाकं एकदा फिरायला त्यापेक्षा सुमारे नऊ टक्के कमी लागणार. गाडी सरळ रस्त्यावर चालली तरी पुढच्या आणि मागच्या चाकांचं कधीच जमणार नाही. तो सगळा फरक मधला डिफरन्शियल अखंड पचवत राहणार, तापणार आणि एक दिवस मरणार. म्हणून मागचाही बदलायचा. तो मोठा, म्हणून त्याचे ॲक्सल वेगळे. ॲक्सल वेगळे, म्हणून चाकाजवळचे हबही वेगळे. मधला शाफ्टही दुसऱ्या लांबीचा. मी एक बॉक्स आणला होता आणि तो त्याचं अख्खं बिऱ्हाड मागत होता. स्वस्त का मिळाला ते आता कळलं.

वरचा खर्च नऊशे डॉलर. पगार बंद.

मी वहीत दोन रकाने केले. आहे तशी, उघडी गाडी विकली तर दोन हजार. चालती करून विकली तर सात. हिशेब सोपा होता, पण हिशेबातले नऊशे डॉलर आणि खिशातले नऊशे डॉलर यांत फरक असतो. आणि हे करताना रोज नोकरीचे अर्ज करायचे, इंटरव्ह्यू द्यायचे. एक इंटरव्ह्यू मी काकांच्या वॉशिंग मशीनशेजारी बसून दिला, नखांत ग्रीस. कॅमेऱ्यात हात दिसू नयेत म्हणून ते मांडीवर ठेवले. दोन फेऱ्या झाल्या, मग त्या कंपनीनेही भरती थांबवली.

घरी मी नऊ दिवस काही सांगितलं नव्हतं. माझ्या संध्याकाळी साडेसातला मुलुंडला सकाळचे नऊ वाजतात. पप्पा चहा पिऊन पेपर वाचत असतात. त्या दिवशी त्यांनीच विचारलं, “गाडी झाली का रे?”

“नाही. मागचा डिफरन्शियल मॅच होत नाहीये.”

“मग ऑफिसला कसा जातोस?”

खोटं बोलायला सोपी जागा होती. बसने जातो म्हटलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता.

“ऑफिस नाहीये, पप्पा.”

“कधीपासून?”

“नऊ दिवस झाले.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईला त्यांनी हातानेच गॅस बंद करायला सांगितलं असावं. मी कर्जाचा विषय निघायची वाट बघत होतो. त्यांनी विचारलं, “तो डिफरन्शियल तिकडे मिळतो का?”

“मिळतो. पैसे लागतील.”

“मग आण. अर्धं उघडलेलं काम टाकून यायचं नाही. हप्त्याचं मी बघतो दोन-तीन महिने.”

त्यांची पेन्शन किती आहे हे मला माहीत आहे. मी ‘नको’ म्हणालो नाही. त्याची लाज अजून वाटते. आणि त्यांनी नऊ दिवसांबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, त्याची जास्त.

बॉक्स चढवला तो एकेचाळिसावा दिवस. जॅकवर तोलून, इंच इंच पुढे सरकवत. शेवटचा अर्धा इंच जाईना. बोल्ट लावून खेचून घ्यावा असा मोह होतो. तसं केलं तर कवच तडकू शकतं किंवा क्लच प्लेट वाकते. काकांनी बॉक्स गिअरमध्ये टाकला, मागून शाफ्टची जागा हाताने किंचित फिरवायला सांगितली. तीन तास. मग एकदम, कुठलाही आवाज न करता, शाफ्टचे दात क्लचच्या दातांत बसले आणि फट मिटली. आम्ही दोघं जमिनीवर पाठ टेकून पडून राहिलो.

गाडी रस्त्यावर आली चव्वेचाळिसाव्या दिवशी. काका शेजारी बसले, हातात माझा फोन, फोनवर पप्पा. पप्पांना रस्ता दाखवा म्हटलं तर म्हणाले, “रस्ता नको, आवाज ऐकू दे.” पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यात टाकल्यावर मुलुंडहून आवाज आला, “दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घाई करतोयस. लिव्हर ओढू नको, हात नुसता ठेव. तो स्वतः जातो.” पुढच्या सिग्नलनंतर मी तसं केलं. गेला. काकांनी फोनकडे बघून विचारलं, “लेलँड का?” “लेलँड, मग टाटा,” पप्पा म्हणाले. पुढची वीस मिनिटं ते दोघंच डबल क्लचबद्दल बोलत होते आणि मी ड्रायव्हर होतो.

मी ती गाडी एकूण सहा दिवस चालवली. एका कॉलेजच्या मुलाने, वडिलांना सोबत आणून, ७,२०० डॉलरला नेली. मी त्याला रेशोचा कागद दिला आणि तीनदा समजावलं की पुढे काही बदललंस तर मागे बघ. तो हो हो म्हणाला. मीही त्या वयात हो हो म्हणत होतो. सत्तावन्नाव्या दिवशी मी विमानात होतो.

आता माझं ऑफिस ऐरोलीला आहे. मुलुंडहून पूल ओलांडला की आलं. परत येणं म्हणजे शहर तेवढं बदलणं, असं मला वाटलं होतं. पगार रुपयात, हप्ता अमेरिकेच्या हिशेबाने घेतलेल्या कर्जाचा, झोपेची वेळ, मित्र, आई-वडिलांसमोर सत्तावीस वर्षांच्या माणसाने दार लावून बसणं, यातलं काहीच एकमेकांशी जुळत नव्हतं. अमेरिकेला जातानाही मी असाच एक बॉक्स उचलून नेला होता. सगळा फरक मध्ये कुणीतरी पचवत होतं. बराचसा पप्पांनी पचवला.

२९ ऑक्टोबर २०२३ला मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस होता. काकांचा मेसेज आला: बातमी खरी का? मी ‘हो’ लिहिलं. त्यांनी नुसता अंगठा पाठवला, मग तासाभराने लिहिलं, “तिचा तिसरा गिअर फार गोड होता.”

मोडलेला तिसरा गिअर मी बॅगेत घालून आणला होता. एअरपोर्टवर एक्स-रेवाल्याने बॅग उघडायला लावली. “क्या है?” “गिअर है.” “किसका?” मी म्हटलं, “मेरा.” त्याने तो हातात तोलून परत दिला.

पप्पांनी घरी तो खिडकीशी नेऊन चष्मा लावून बघितला. बोटाने दात मोजले, मोडलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. मी सांगितलं, हे गिअर अरुंदच असतात, सगळ्यांचेच जातात, टर्बोची ताकद सहन होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

“अरुंद असेल,” ते म्हणाले. “पण हे दात टोकाला तुटलेत, मुळाशी नाही. गिअर पूर्ण बसायच्या आधीच तू क्लच सोडलास.”

मी म्हटलं, हो.