पाळण्यापलीकडचें अंबाजोगाई

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत अंबाजोगाईस श्रीयोगेश्वरीचें नवरात्र असतें. आश्विनांतील नवरात्र सर्वांस ठाऊक. हें दुसरें बहुधा तिच्या कुळाचारी मंडळींसच माहीत. कोंकणस्थांच्या पुष्कळ घराण्यांची ही कुलस्वामिनी समुद्रापासून इतक्या दूर, बालाघाटाच्या डोंगरांत, जयंती नदीच्या कांठीं बसली आहे, याचें मला लहानपणापासून नवल वाटत आलें आहे. २०२३ सालीं ही पौर्णिमा २६ डिसेंबरला आली आणि नेमकी त्याच वेळीं मुलांना नाताळची सुट्टी होती. तेव्हां सहा वर्षांच्या नातवापासून शहात्तर वर्षांच्या आक्कापर्यंत आम्ही चौदा माणसें पुण्याहून निघालों.

मुलांचा मनोदय निराळा होता. खोपोलीजवळ २०१३ सालीं जी प्रचंड क्रीडानगरी उघडली, ती त्यांनीं एकदां पाहिली होती आणि पुन्हां पाहावयाची होती. कुलधर्म म्हणजे काय, हें मीं त्यांना गाडींत समजावून सांगूं लागलों, तों मधल्या भावाच्या नातवानें एकच प्रश्न विचारला, "तिथें पाळणे आहेत का?" जत्रेंत आकाशपाळणा असतो, एवढें सांगितल्यावर तो स्वस्थ झाला.

पाळणा वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. आमच्या लहानपणीं चार पेट्यांचा लांकडी रहाटपाळणा दोन माणसें हातानें फिरवीत. आतां तो विजेवर फिरतो व दिव्यांनीं झगमगतो, एवढाच फरक. पण पाळण्याचा फेरा पांच मिनिटांत संपतो, आणि आम्हांस तेथें चार दिवस काढावयाचे होते. मीं सबंध आयुष्य तासिकांच्या घंटेवर काढलेलें असल्यामुळें एक वेळापत्रक तयार केलें होतें. देवीच्या दर्शनाच्या रांगेंतच पहिल्या दिवसाच्या तीन तासिका बुडाल्या, आणि सुनांनीं तो कागद पुऱ्या निथळण्यास घेतला.

हत्तीखान्याला मात्र सर्वजण गेलों. गांवाजवळच खडकांत कोरलेलें हें लेणें. यास शिवलेणें किंवा जोगाईचा मांडव असेंही म्हणतात. पुढील चौकांत अखंड दगडांतून कोरलेले हत्ती उभे आहेत. त्यांच्या पायांशीं उभें राहिल्यावर मुलांना आधीं कळेना कीं हे आणून ठेवले नसून सभोंवारचा डोंगर काढून टाकून उरवले आहेत. तें कळल्यावर दोघे तिघे तर खडकावर नख घांसून पाहूं लागले. येथेंच मीं त्यांना ती आख्यायिका सांगितली. योगेश्वरीचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें होतें; वऱ्हाडास उशीर झाला, मुहूर्त टळला, वऱ्हाडी मंडळी दगडाची झाली आणि देवी कुमारिका राहिली. वेळेचें महत्त्व ठसविण्यास यापरती कथा कोणती? पण धाकटी नात म्हणाली, "मग दुसरा मुहूर्त कां नाहीं काढला?" मला उत्तर सुचलें नाहीं. आक्का एवढेंच म्हणाली, "तिला नसेल करावयाचें."

अंबाजोगाईस जाऊन जी गोष्ट मुलांच्या डोळ्यांपुढें उभी करावी, ती म्हणजे दासोपंतांची पासोडी. दासोपंत (१५५१-१६१५) हे थोर दत्तभक्त. त्यांचें वास्तव्य आणि समाधि याच गांवीं. गीतेवर त्यांनीं लिहिलेल्या गीतार्णवाची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. एवढ्या लेखनानेंही हात थकला नाहीं, म्हणून कीं काय, त्यांनीं सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा विषय ओव्या व आकृत्या घालून लिहून काढला. ४० फूट म्हणजे किती, हें शब्दांनीं सांगून मुलांस उमगेना. तेव्हां आक्कानें आपलें नऊवारी लुगडें काढलें. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याच्या पदराला दुसरें जोडून निम्मी घडी घातली कीं झाले चाळीस. उतरण्याच्या जागेची गच्ची एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत भरून गेली. रुंदीही लुगड्याएवढीच! मग वर्तमानपत्राचे कागद त्यावर पसरून सर्व मुलें दोन्ही अंगांनीं बसलीं व ज्याला जें पाठ येईल तें लिहूं लागलीं: कोणी पाढे, कोणी श्लोक, एकानें क्रिकेटपटूंचीं नांवें. दोन तासांत सात फूटही भरले नाहींत. मराठी शाळेंत न गेलेल्या आमच्या एका नातवानें आपलें नांव देवनागरींत प्रथम लिहिलें तें त्या कागदावर. 'ज्ञ' उलटा झाला होता. मास्तरकीची संवय असूनही मीं तो सुधारला नाहीं.

मुकुंदराजांच्या समाधीकडे तरुण मंडळीच गेली. विवेकसिंधूचा काळ परंपरेनें शके १११० (इ. स. ११८८) मानतात; मुकुंदराज येथील कीं विदर्भांतील आंभोऱ्याचे, हा वाद विद्वानांत जुना आहे. पण दरीच्या अंगास ती समाधि पाहतांना वाद आठवत नाहीं. मी मात्र गांवांतील योगेश्वरी शाळेवरून मुद्दाम गेलों. निजामी अमलांत या गांवाचें नांव मोमिनाबाद होतें. त्या काळीं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ या शाळेंत शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मोकळा झाला त्याचीं बीजें अशा वर्गांतून पेरलीं गेलीं, हें आमच्या व्यवसायाच्या माणसास विसरतां येत नाहीं.

एक दिवस परळीस दिला. अंतर सुमारें २५ किलोमीटर. आजचें देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें. येथें भाविकास लिंगाला हात लावतां येतो, हें लहानांना विशेष वाटलें. ज्यांच्या पदरीं आणखी दिवस असतील त्यांनीं परततांना मांजरसुंब्याजवळील कपिलधारेस मन्मथस्वामींचें स्थान पाहावें, आणि बीडला सोळाव्या शतकांतली खजाना बावडी अवश्य पाहावी. भुयारांतून विहिरींत पाणी आणून तेंच पुढें शेतांकडे नेण्याची ती युक्ति पाहून आमचा एक भाचा, जो अभियंता आहे, अर्धा तास कांठावरून हलला नव्हता. बीडचा कंकालेश्वर तलावाच्या मध्यें आहे. आम्हांस घाईनें पाहावा लागला.

खोलेश्वराचें देऊळ शेवटच्या दिवशीं राहिलें होतें. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापति, ब्राह्मण असून तलवारीचा धनी. त्याचा पुत्र राम गुजरातेच्या स्वारींत पडला. रामाच्या स्मरणार्थ त्याची बहीण लक्ष्मी हिनें देऊळ बांधविलें, असें शके ११६२ (इ. स. १२४०) च्या संस्कृत शिलालेखावरून कळतें. मी हें नेहमींच्या पद्धतीनें, सन व शक यांचा मेळ घालीत सांगत होतों. आक्का खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तिनें देऊळ बांधलें. मला त्याच्या अंगावर घालायला शालसुद्धां नेतां आली नाहीं."

आमचा मधला भाऊ २०२१ च्या साथींत गेला. रुग्णालयांतून परस्पर सर्व झालें. आम्हां भावंडांपैकीं कोणासही जवळ जातां आलें नाहीं. दर दोन तीन वर्षांनीं आम्हांस अंबाजोगाईस आणणारा तोच. या खेपेस निघाल्यापासून त्याचें नांव कोणीच काढलें नव्हतें. देवळांत कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें त्याचा नातू, तोच पाळणेवाला, म्हणाला, "मग रामाच्या मुलाचं काय झालं?" तो लहान होता आणि त्याच्या वतीनें आत्यानें, म्हणजे लक्ष्मीनें, कारभार पाहिला, असें यादवांचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं नमूद केलें आहे. मीं तेवढें सांगितलें. मुलानें आक्काकडे एकदां पाहिलें व खांबावरील नक्षी मोजूं लागला.

संध्याकाळीं दत्तजयंतीच्या दर्शनाहून परततांना आक्का जत्रेच्या तोंडाशीं थांबली. "चल," ती त्याला म्हणाली, "तुझा पाळणा दाखव." सुनांनीं रक्तदाबाची आठवण दिली, मीं वयाची दिली. तिनें कमरेची पुरचुंडी सोडून दोन तिकिटें घेतलीं आणि पदर खोंवून पेटींत जाऊन बसली. नातवानें तिचा हात दोन्ही हातांनीं धरला होता. कोणी कोणास धरलें होतें, तें खालून दिसत नव्हतें. पाळणा वर गेला. मी तिची काठी व दोघांच्या चपला सांभाळीत खालीं उभा होतों.